गिरजामाय मांडे केंद्र चालू आहे

आपण वारलो आहोत ही बातमी कोकिळाबाई नारखेड्यांना सावद्याच्या आठवडे बाजारात, गुळाच्या दुकानापुढे कळली.

सांगणारे जगन्नाथआप्पा होते, रावेरचे. त्यांच्या घरच्या प्रत्येक लग्नात आणि डोहाळजेवणात मांडे वाढले गेले ते कोकिळाबाईंच्याच खापरावरचे. बाई गुळाची ढेप नखाने खरवडून चाखत होत्या. आप्पा समोरून आले, थबकले आणि हातातली पिशवी छातीशी धरून मागे सरले.

"वहिनी, तुम्ही?"

"मी नाही तर कोण? चष्मा पुसा, आप्पा."

"नाही, म्हणजे... तुम्ही तर गेलात ना?"

"कुठे गेले?"

आप्पांनी बोट वर केलं, मग लाज वाटून खाली घेतलं. "सांग्या म्हणाला. गिरजामाय मांडे केंद्र कायमचं बंद, चालवणाऱ्या बाई वारल्या. मी म्हटलं, अरेरे. तो म्हणाला, शोकसंदेश पाठवू का? मी म्हटलं, पाठव बाबा."

"मला काही मिळाला नाही."

"पोचला म्हणाला."

"मग वर पाठवला असेल," कोकिळाबाई म्हणाल्या. "आणि नातीचा साखरपुडा होता ना तुमच्याकडे? मांडे कुणाचे खाल्लेत?"

आप्पा गुळाकडे बघत राहिले. "पाकिटातले आले. शहरातून. यंत्राचे होते." मग आवाज उतरवून म्हणाले, "पुरण कुठे होतं ते शोधावं लागत होतं, वहिनी."

बाईंनी ढेप पिशवीत टाकली आणि घरची वाट धरली. गूळवाल्याने मेलेल्या बाईला एक रुपयासुद्धा सोडला नाही, हेही त्यांच्या ध्यानात राहिलं.

सांग्या म्हणजे कानातला मणी. त्याचं छापील नाव वेगळंच, पण खानदेशात त्याला सगळे सांग्याच म्हणत. लोकांनी फोन खिशातून काढणं जवळजवळ सोडलं होतं. काही हवं असलं की नुसतं पुटपुटायचं आणि सांग्याने सांगायचं. पूर्वी फोनवर शोधलं की दहा दुकानं दिसायची, माणूस वरखाली बघून त्यातलं एक निवडायचा. सांग्या एकच नाव सांगायचा. लोकांना तेच आवडलं, डोक्याला ताप नाही. फक्त त्या एका नावात आपण नसलो तर आपण कुठेच नव्हतो.

कोकिळाबाई मणी घालत नसत. "माझ्या कानात कुड्या आहेत," त्या म्हणायच्या, "भाडेकरू ठेवायला जागा नाही."

त्यांच्या परसात पत्र्याच्या शेडखाली चार चुली होत्या आणि प्रत्येक चुलीवर उपडं घातलेलं मातीचं मोठं भांडं. तेच खापर. वस्त्रगाळ पीठ तिंबून तिंबून चिवट करायचं, त्यात पुरण भरायचं, थोडं लाटायचं आणि मग लाटणं बाजूला ठेवून दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत फिरवत मांडा उपरण्याएवढा पसरायचा. इतका पातळ की पलीकडचा माणूस दिसावा आणि पुरणाचा कण खाली पडू नये. मग एका झटक्यात तो तापल्या खापरावर टाकायचा. हे काम सासूबाईंनी, गिरजामायने, सुरू केलं. त्यांच्या मागे कोकिळाबाईंनी ते वाढवलं. दुसरीनंतर शाळा सुटली होती, पण मांड्याच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकून घेत नसत.

इतर वर्षी चैत्र लागला की चारही चुली पेटायच्या. पुढे आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. त्या सणाला खानदेशात मांड्यावाचून आमरसाला तोंड लावत नाहीत. या वर्षी एकच चूल पेटली होती, तीसुद्धा गल्लीतल्या एका बारशासाठी.

त्या चुलीपाशी बेबीताई भंगाळे बसली होती. बाईंपेक्षा पुष्कळ लहान, बोलायला कमी. बाईंचा उजवा खांदा आखडल्यापासून मांडा हातावर घेणारी खरी तीच होती. कोकिळाबाई जाळ सांभाळत, कपाशीच्या वाळक्या पर्‍हाट्या पुढे सारत आणि हुकूम सोडत. बेबी तेवढंच काम करी जेवढं कुणालाच जमत नव्हतं. हे दोघी जाणून होत्या आणि त्याविषयी कधी बोलत नव्हत्या.

बाजारातली हकीकत ऐकून बेबीताई हसली नाही.

"जिजी, मला वाटलंच होतं काहीतरी असणार," ती म्हणाली. "फोनच वाजत नाही कधीचा. आणि मला वेफर्सच्या कारखान्यातून पुन्हा विचारलंय. गाडी दाराशी येते. गार खोलीत बसून काम."

"तू काय म्हणालीस?"

"आखाजी होऊ द्या म्हटलं. दुसऱ्या दिवशीपासून येते म्हणून सांगितलं नाही अजून. पण नाही असंही नाही सांगितलं."

कोकिळाबाईंनी पर्‍हाटीचं काटूक उगाच मोडलं. बेबी गेली की हे खापर विझलं. बाकीच्या दोघी, अलका आणि मीरा, पुरण वाटतील, पीठ चाळतील, पण हवेत मांडा धरणारे हात गावात उरणार नव्हते. आणि बेबीला थांब म्हणायला तोंड कुठलं? काम असेल तर थांब म्हणावं. रिकाम्या चुलीपाशी कुणी कुणाला किती दिवस बसवून ठेवायचं?

संध्याकाळी, बेबीताई निघायच्या आत, सून घरी आली. हर्षदा. दुपारभर तालुक्याच्या वाचनालयात काम करायची. मांडा तिला येत नव्हता. दोनदा फाडला तेव्हाच बाईंनी तिला खापरापासून उठवलं होतं. तोंडाने मात्र ती सासूला पुरून उरणारी होती.

"आई, मी गेल्या वर्षीपासून सांगतेय, आपली वेबसाइट करू. तुम्ही म्हणालात, फुकटचे चोचले."

"ते राहू दे. आधी त्या सांग्याला माझ्यापुढे उभा कर."

हर्षदाने कानातला मणी काढून स्टीलच्या वाटीत ठेवला. वाटीत आवाज घुमायचा, सगळ्यांना ऐकू यायचं. बाई वाटीवर वाकल्या.

"कोकिळाबाई नारखेडे बोलतेय. मी जिवंत आहे. केंद्र चालू आहे. लिहून घे."

"आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," वाटीतून गोड आवाज आला. "ही माहिती दिल्याबद्दल आभार. सध्याच्या पुराव्यांनुसार हे केंद्र बंद असण्याची शक्यता फार जास्त आहे."

"पुरावा मी इथे बसलेय ना."

"आपण कोण आहात याची मला खात्री करता येत नाही."

"याच्या घरात बाईमाणसाशी बोलायची काही रीत आहे की नाही?" बाई सुनेला म्हणाल्या.

हर्षदाने वाटी जवळ ओढली. "त्याला तुमच्यावर राग नाही, आई. त्याला माहीतच नाही. ऐका. जगातल्या प्रत्येक दुकानाविषयी सांग्या मनात एक अंदाज ठेवतो, हे चालू असेल की बंद. कुणी फोन उचलला, अंदाज वर. सामानाची गाडी दाराशी थांबली, वर. लोक त्याविषयी बोलले, वर. आणि काहीच कानावर आलं नाही तर तो अंदाज आपोआप उतरत जातो. कारण गप्प झालेली बहुतेक दुकानं खरंच बंद झालेली असतात. आपला फोन गिरजाआजीच्या नावावरचा, तो कंपनीने केव्हाच तोडला. सामान तुम्ही स्वतः बाजारातून आणता. मग आपल्याविषयी त्याला सांगणार कोण?"

"गप्प आहे म्हणून मेली म्हणायचं? मग देवळातली देवी काय म्हणायची?"

"नुसतं गप्प असल्याने नाही. त्याच्याकडे काहीतरी ठाम पुरावा असणार. थांबा, विचारते." तिने वाटीत विचारलं, "हे केंद्र बंद आहे असं कशावरून म्हणतोस? दाखव."

भिंतीवरच्या पडद्यावर चित्र उमटलं. आभाळातून काढलेलं. सामानाच्या गाड्यांना रस्ते कळावेत म्हणून नकाशा काढणारी यंत्रपाखरं रोज गावावरून जायची, त्यांनी टिपलेलं. नारखेड्यांचं परस, बाजूला कडुनिंब, मधे शेड. आणि शेडच्या छपरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गिरजामायचा हार घातलेला चेहरा. खाली मोठ्या अक्षरांत: भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली: गिरजामाय मांडे केंद्र.

बेबीताईने हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

वर्षश्राद्धाला चौकात लावलेला तो फ्लेक्स होता. कार्यक्रम झाला, फ्लेक्स घरी आला. एवढं जाड कापड टाकून कोण देईल? शेडचा पत्रा गळका होता. पर्‍हाट्या भिजू नयेत म्हणून बाईंनी ते शेडवर पसरलं आणि चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या. गावात अर्ध्या शेडींवर कुणाचे ना कुणाचे वाढदिवस पसरलेले होते.

"पण आई," हर्षदा कशीबशी म्हणाली, "लोक छापलेली बाजू खाली घालतात. तुम्ही वर का घातली?"

"मग काय सासूला पालथं घालू?" बाई म्हणाल्या. "आयुष्यभर त्यांच्यापुढे पदर पडू दिला नाही मी. त्यांचं तोंड आभाळाकडेच पाहिजे."

"तेच आभाळाने वाचलं. केंद्राचं नाव आजीचं, छपरावर आजीची श्रद्धांजली. त्याने दोन्ही जोडलं. चालवणारी बाई गेली, केंद्र बंद."

बाईंना हसू आलं नाही, आणि राग कुणावर काढावा तेही कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी शेजाऱ्याकडून शिडी मागवून फ्लेक्स उतरवला, सासूबाईंना नीट घडी घालून माळ्यावर ठेवलं आणि वाट पाहिली. दोन-चार दिवसांनी हर्षदाला पुन्हा वाटी मांडायला लावली.

"गिरजामाय मांडे केंद्र कायमचं बंद आहे," सांग्या म्हणाला. "आता शेडवरचं आच्छादनही काढून नेलेलं दिसतं. बंद असल्याची खात्री वाढली आहे."

"ठेवलं तरी मेले, काढलं तरी मेले," बाई म्हणाल्या. "नवरासुद्धा इतका अडेल नव्हता."

"त्याला आपण काय दाखवतो यावरून तो तर्क करतो," हर्षदा म्हणाली. "आपण काय म्हणतो ते अजून आपण सांगितलेलंच नाही."

"मी सांगितलं की वाटीत."

"वाटीत कुणीही सांगेल. मागे काय झालं आठवतं ना? यंत्रांनी लिहिलेल्या खोट्या तारीफा, खोटे फोटो, खोट्या शिव्या. एकाने स्पर्धकाचं दुकान बंद झालं म्हणून पसरवलं, दुसऱ्याने नसलेलं हॉटेल चालू म्हणून. शेवटी सांग्या बनवणाऱ्यांनी नियम केला की परक्याच्या बोलण्याला वजन कमी. जो आपल्या स्वतःच्या पत्त्यावरून, स्वतःच्या कुलपाआडून बोलतो त्याच्या शब्दाला वजन सगळ्यांत जास्त. तो पत्ता म्हणजे वेबसाइट. तिथे तुम्ही म्हणालात चालू आहे, आणि गिऱ्हाईक आलं तर खरंच चालू निघालं, की सांग्याचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो. खोटं निघालं की उतरतो. माणसासारखंच आहे, आई. जो आपल्या दारात उभं राहून बोलतो त्याला शब्द फिरवता येत नाही."

"आधी फोनवर ते मांड्याच्या फोटोंचं खातं काढलं होतंस ना? त्याचं काय झालं?"

"ती जागा दुसऱ्याची होती. कंपनी बुडाली, फोटो बुडाले. दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडलं की तो कधीही उठ म्हणतो. हे घर आपलं असेल. वाचनालयाची वेबसाइट केली तेव्हा काय झालं? आमच्याकडे काय आहे हे फैजपूरच्या पोरींना माहीत नव्हतं. आता त्या संध्याकाळी बसायला जागा नाही म्हणून भांडतात."

"वाचनालयाला नाव नाही म्हणून त्याला सांगावं लागतं. माझ्या मांड्याला नाव आहे. मी काय दवंडी पिटत फिरू?"

हर्षदाचा चेहरा बदलला. "आई, तुम्ही दारात उभ्या राहून हाक मारलीत की चार गल्ल्यांना ऐकू जातं. मी फक्त पाचवी गल्ली मागतेय. आणि ती माझ्यासाठी नाही मागत. बेबीताई जातील."

चुलीपाशी बेबीताई काही न ऐकल्यासारखी पीठ चाळत होती. चाळण्यासारखं पीठ तिच्यापुढे नव्हतं.

"बस," कोकिळाबाई म्हणाल्या. "काय लिहायचं ते वाच."

हर्षदाने आधीच लिहून ठेवलेलं निघालं. तिने वाचलं, "आमच्या येथे सर्व प्रकारचे दर्जेदार, रुचकर व पारंपरिक मांडे माफक दरात..."

"हे कोण बोलतंय? मेडिकलवाला?" बाईंनी हात वर केला. "पूस. मी बोलते तसं घे. गिऱ्हाईक काय विचारतं ते तू विचार."

मग ओट्यावर चहा गार होत राहिला आणि सून गिऱ्हाईक झाली.

"मांडे किती दिवस टिकतात?"

"दोन दिवस. जास्त टिकणारं हवं असेल त्याने पापड घ्यावेत."

"आज सांगितले तर आज मिळतील?"

"नाही. पीठ भिजायला, मुरायला वेळ लागतो. चार दिवस आधी सांगा. सकाळी सांगून संध्याकाळी मागणाऱ्याला आम्ही पाणी देतो आणि घरी पाठवतो."

"यंत्राच्या मांड्यात आणि तुमच्यात फरक काय?"

"यंत्राला कोपर नाही."

हर्षदा लिहिता लिहिता थांबली. "हे लिहू?"

"नाही तर काय, गाऊ?"

विचारता विचारता हर्षदाला पुष्कळ गोष्टी पहिल्यांदाच कळल्या. खापर नवं आणलं की आधी त्याला तेल आणि कांदा कसा चोळतात, वाफेच्या रंगावरून जाळ कसा ओळखतात, पिठाचा नारळाएवढा गोळा जास्तीचा कसा राखून ठेवतात. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासूने तिला हे सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. विचारायला आता एक कारण मिळालं होतं.

"मांडे कोण करतं? इथे नाव लागतं."

कोकिळाबाई चहाच्या कपाकडे बघू लागल्या. दारावरच्या पाटीवर गिरजामाय होती, लोकांच्या तोंडी कोकिळाबाई होत्या. शेडमध्ये काय चालतं ते कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"बेबीताई भंगाळे," त्या म्हणाल्या. "आधी तिचं लिही. मांडा हातावर घेतात बेबीताई भंगाळे. खापर आणि जाळ, कोकिळाबाई नारखेडे. पुरण, अलका आणि मीरा."

चुलीपाशी चाळणी थांबली.

शेवटी चावीची गोष्ट निघाली. वेबसाइटची चावी म्हणजे बोटाच्या पेराएवढा काळा खडा. तो ज्याचा अंगठा ओळखायचा त्यालाच वेबसाइट उघडता यायची. बाईंनी खडा हातात घेतला आणि परत दिला.

"मी कागदावर कधी अंगठा लावला नाही. सही करते मी."

"हा तसला अंगठा नाही, आई. आणि ही चावी रोज लागते. रोज सकाळी सांगावं लागतं, आज चूल पेटली, आज मांडे शिल्लक नाहीत, आज बंद. गप्प बसलो की अंदाज पुन्हा उतरायला लागतो."

बाईंच्या कमरेला घरच्या किल्ल्यांचा जुडगा होता. तो कुणाच्या हातात गेलेला नव्हता. सून माहेरी जाताना कपाट उघडायचं तरी सासूला हाक मारायची. पडद्यावरची बारीक अक्षरं बाईंना लावत लावत वाचावी लागत. रोज सकाळी ती अक्षरं लावत बसल्या तर चूल कोण बघणार?

"तूच लाव अंगठा," त्या म्हणाल्या. "पण रोज मला विचारून लिहायचं."

"रोज विचारीन."

"आणि मी चिडलेली असले तर?"

"मग तर नक्की विचारीन. त्या दिवशीचं जास्त चालेल."

अंगठा लागला. भिंतीवर अक्षरं उमटली आणि कोकिळाबाईंनी ती एकेक करून, ओठ हलवत, स्वतः वाचली. गिरजामाय मांडे केंद्र चालू आहे. वाचून झाल्यावरही त्या तिथून हलल्या नाहीत. वर्षानुवर्षं केलेलं काम त्यांनी कधी बाहेरून बघितलं नव्हतं.

लगेच काही झालं नाही. सांग्याची रीतच तशी; आधी तो नव्या शब्दाला बाजूला उभं करून ठेवतो. मग भुसावळच्या एका बाईंनी सांग्याला विचारलं, त्यांना वेबसाइटवरचा पत्ता मिळाला, त्या आल्या आणि चूल खरंच पेटलेली दिसली. तेवढ्याने अंदाज हलला. नियमच होता की मालकाचा शब्द सांग्याने जसाच्या तसा सांगायचा. त्यामुळे नाशिकला, सुरतेला, पुण्याला, लोकांच्या कानांत तो गोड आवाज म्हणू लागला की यंत्राला कोपर नाही, आणि सकाळी सांगून संध्याकाळी मागणाऱ्याला पाणी मिळेल. लोक हसले. हसले ते आधी इतरांना सांगत सुटले, मग मांडे मागू लागले. चार दिवस आधी.

जगन्नाथआप्पा नारळ घेऊन आले. "सांग्या म्हणाला, तुम्ही परत आलात."

"मी गेले कधी होते? बसा. गरम आहे ते खा, आणि पाकिटातल्याचं नाव इथे काढू नका."

आप्पा खाऊन उठताना म्हणाले, "वहिनी, आमच्या कुस्तीच्या आखाड्याचंही असं करून द्याल का? नवी पोरं येत नाहीत. आखाडा बंद पडलाय असंच समजतात."

"माझ्याकडे नका मागू. चावीवाली आत आहे. तिला वहिनी म्हणा म्हणजे करून देईल."

आखाजी जवळ आली तशा चारही चुली पेटल्या. बाई जाळापाशी घामाने भिजून जात आणि त्यांना बरं वाटे. एकदा बेबीताईच्या हातावरून उतरलेला पहिला मांडा त्यांनी घडी घालून ताटलीत ठेवला, वर तुपाची धार सोडली आणि वाचनालयात निघालेल्या सुनेच्या हातात दिला. पहिला मांडा घरात देवाचा असे. हर्षदाने सासूकडे पाहिलं. "देवाला दुसरा देईन," बाई म्हणाल्या. "त्याला काही घाई नाही. तुला उशीर होतोय."

एवढं सगळं झालं, पण बेबीताई कारखान्याविषयी बोलली नव्हती. ती येत होती, मांडे घेत होती, संध्याकाळी हात धुऊन जात होती. बाईंनीही विचारलं नाही. नाही म्हणाली असती तर सहन झालं असतं. विचारल्यावर नुसती गप्प बसली असती तर काय करायचं, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी हर्षदाने विचारलं, "उद्याचं काय लिहू? मागणी तर तुफान आहे."

"उद्या बंद," बाई म्हणाल्या. "उद्या बाया माहेरी आलेल्या असतात. उद्या कुणासाठी भाजायचं नाही, बसून खायचं. गौराईची गाणी आहेत, कडुनिंबाला झोके आहेत. आणि हे पण लिही. ज्या लेकीला माहेर उरलं नाही तिने इथे यावं. गाणी येत नसली तरी चालेल, आमच्यातल्या निम्म्या नुसतं तोंड हलवतात."

"आणि परवाचं?"

बाईंनी तिला जवळ बोलावून हळूच सांगितलं. हर्षदाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि अंगठा लावला.

आखाजीला परस बायांनी भरलं. दर वर्षी गल्लीतल्याच असायच्या. या वर्षी अनोळखी चेहरेही होते. जळगावहून दोघी आल्या होत्या. एक सुरतेची, साठीची, तिच्या आईवडिलांचं घर केव्हाच विकलं गेलेलं. तिने फाटकातूनच विचारलं, सांग्याने सांगितलं ते हेच का. "हेच," बाई म्हणाल्या. "उशीर केलास. हात धू, रस वाढलाय." ती बाई हात धुताना बराच वेळ नळापाशीच उभी राहिली, आणि मग सगळ्यांत मोठ्या आवाजात गाणारी तीच निघाली.

उन्हं उतरल्यावर बेबीताई झोक्यावर बसली होती, पाय जमिनीला टेकवून. कानातला मणी पुटपुटला तशी ती थांबली. कारखान्याचा निरोप होता. उद्या सकाळी गाडी पाठवायची का, ते आत्ता हवं होतं. कोकिळाबाई शेजारीच उभ्या होत्या. मण्यातला आवाज त्यांना ऐकू आला नाही, बेबीचा चेहरा दिसला.

बेबीताईने सांग्याला वेगळंच विचारलं. "गिरजामाय मांडे केंद्राचं काय आहे?"

तिने मणी कानातून काढून तळहातावर धरला, म्हणजे दोघींना ऐकू यावं.

"केंद्र आज बंद आहे," तो म्हणाला. "सगळ्या झोक्यावर आहेत. उद्या सकाळी बेबीताई भंगाळे मांडे हातावर घेतील."

बेबीताईने मान वर केली. "जिजी, मला न विचारता लिहिलंत?"

"मी कुठे लिहिते," कोकिळाबाई म्हणाल्या. "चावी सुनेकडे आहे. तिला बोल काय बोलायचं ते."

बेबीताई हातातल्या मण्याकडे बघत राहिली. त्या क्षणी किती गावांत किती जणांच्या कानांत तिचं नाव घेतलं जात होतं, ते तिला माहीत नव्हतं. कारखान्यात तिला नाव लागणार नव्हतं, बिल्ल्यावरचा आकडा पुरला असता.

"गाडी पाठवू नका म्हणून सांग," ती मण्याला म्हणाली. "उद्या मी आले नाही तर आमचं वेबसाइटवरचं पान खोटं पडेल. एकदा खोटं पडलं की तुम्ही लोक किती दिवस विश्वास ठेवत नाही, ते मला माहीत आहे."

कोकिळाबाई झोक्याच्या मागे गेल्या आणि दोर धरून बेबीला झोका दिला. फांदी करकरली. बायांनी गाणं धरलं, आणि आतून हर्षदा विचारत आली की पीठ किती भिजवायचं, पुढच्या दिवसांची मागणी आत्ताच वाढायला लागली आहे.

"चारही परातींचं," बाई म्हणाल्या. "बेबी आहे."